जॉइसच्या 'अ मदर' या कथेतील आई नेमकी कुठे चुकते?

मृण्मयी_क

जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' या 1914 साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील 'अ मदर' ही कथा आमच्या वाचनगटाने या महिन्यासाठी निवडली आहे आणि तिच्यातील आईवरून आमच्यात सरळ दोन तट पडले आहेत. येथे कथा बारकाईने वाचणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून प्रश्न मांडत आहे.

कथा वाचून ज्यांना बरीच वर्षे झाली असतील त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. मिस डेव्हलिन ही प्रतिष्ठित कॉन्व्हेंटमध्ये फ्रेंच आणि संगीत शिकलेली, वागायला ताठ आणि फारशा मैत्रिणी नसलेली मुलगी आहे. लग्नाच्या वयात तिला घरोघरी पाठवले जाते, तिच्या पियानोवादनाचे आणि रीतभातीचे कौतुकही होते, परंतु तिला हव्या असलेल्या झगमगत्या आयुष्यात घेऊन जाईल असा कुणी पुढे येत नाही आणि जे भेटतात ते तिला सामान्य वाटतात. ही निराशा ती चोरून टर्किश डिलाइटच्या वड्या खाऊन भागवते. वय उलटू लागते, मैत्रिणींच्या जिभा सैल होऊ लागतात, तेव्हा ऑर्मंड की या नदीकाठच्या रस्त्यावर बूट बनवण्याचा व्यवसाय असलेल्या, वयाने पुष्कळ मोठ्या अशा मिस्टर कर्नीशी लग्न करून ती सगळ्यांची तोंडे बंद करते. पुढे थोरली मुलगी कॅथलीन हिलाही चांगल्या कॉन्व्हेंटमध्ये फ्रेंच आणि संगीत शिकवले जाते, मग अकादमीत धाडले जाते. आयरिश पुनरुज्जीवनाचे वारे वाहू लागल्यावर मिसेस कर्नी घरी आयरिश भाषेचा शिक्षक ठेवते. मुलीचे नाव चारचौघांत घेतले जाऊ लागते आणि एके दिवशी 'एरे अबू सोसायटी'चा सहसचिव होलोहान चार संगीत-सभांसाठी पियानोची साथ करायला कॅथलीनला बोलावतो. आठ गिनींचा करार होतो. पहिल्या दोन सभा रिकाम्या खुर्च्यांपुढे आणि फुकट पासांवर होतात, शुक्रवारची सभा रद्द होते आणि शनिवारी आई हटून बसते की पैसे हातात पडल्याशिवाय मुलगी मंचावर पाऊल ठेवणार नाही. निम्मी रक्कम मिळते, पूर्वार्ध पार पडतो. मध्यंतरात उरलेली रक्कम नाकारली जाते, आई मुलीला घेऊन निघून जाते आणि सगळे शहर तिलाच दोष देते.

आमच्यातील एका गटाचे म्हणणे असे की, हे एका हावरट आणि प्रतिष्ठेला हपापलेल्या बाईचे चित्र आहे, जिने आपल्या हौसेपायी मुलीचे करिअर मातीत घातले. दुसऱ्या गटाला वाटते की लेखी करार असूनही जिचे पैसे बुडवले गेले अशा बाईची ही कथा आहे. मी स्वतः दुसऱ्या बाजूकडे झुकते, परंतु कथेचा पूर्वार्ध मला तसे मोकळेपणाने करू देत नाही. जिची मागणी न्याय्य आहे तिला लेखकाने आधी इतके हास्यास्पद का करून ठेवावे, हा माझा खरा प्रश्न आहे.

पूर्वरंग

मृण्मयीताई, लेखकाने तिला हास्यास्पद केले आहे हे खरे, पण ते उगाच केलेले नाही. तिची महत्त्वाकांक्षा मुलीसाठी आहे असे ती स्वतःही मानत असेल, परंतु कथा पहिल्या दोन पानांतच दाखवून देते की हा तिच्या स्वतःच्या फसलेल्या डावाचा दुसरा फेरा आहे. आईच्या शिक्षणाचे वर्णन आणि मुलीच्या शिक्षणाचे वर्णन जवळजवळ त्याच शब्दांत येते: कॉन्व्हेंट, फ्रेंच, संगीत. जॉइससारखा शब्दांच्या बाबतीत चिक्कू लेखक एवढी पुनरुक्ती सहज करील असे वाटत नाही. पहिल्या वेळी ज्या गुणांना गिऱ्हाईक मिळाले नाही तेच गुण ती दुसऱ्या वेळी अधिक चांगल्या बाजारात घेऊन निघाली आहे, आणि हा बाजार म्हणजे आयरिश राष्ट्रवाद.

ही बाब आपल्या गटात जरूर मांडा, कारण ती निसटली तर कथेचा निम्मा उपरोध निसटतो. आयरिश भाषेच्या प्रसारासाठी झटणाऱ्या गेलिक लीग या संस्थेची स्थापना 1893 सालची, फेश क्योल हा संगीतस्पर्धांचा उत्सव 1897 पासूनचा, आणि आयर्लंडला कॅथलीन नावाच्या स्त्रीच्या रूपात मंचावर उभे करणारे येट्सचे 'कॅथलीन नी हूलिहान' हे नाटक 1902 सालचे. त्या दशकात डब्लिनमधील मध्यमवर्गीय मुलीचे नाव कॅथलीन असणे ही आयती पुंजी होती, आणि मुलीच्या नावाचा लाभ उठवायचे मिसेस कर्नीने ठरवले असे कथाच सांगते. भाषेवरील प्रेमाचा पुरावा म्हणून काय दिले आहे, तर दोघी बहिणी मैत्रिणींना आयरिश चित्रांची पोस्टकार्डे पाठवतात आणि मैत्रिणी तशीच कार्डे परत पाठवतात. सणावारी कॅथीड्रलमधील प्रार्थनेनंतर कोपऱ्यावर मंडळी जमतात, हस्तांदोलने होतात आणि निरोप मात्र आयरिश भाषेत घेतला जातो. मधले सगळे बोलणे कोणत्या भाषेत झाले हे सांगायची गरजच उरत नाही.

दर जुलैमध्ये 'आमचे हे आम्हाला काही आठवडे स्केरीजला धाडताहेत' असे कुणा मैत्रिणीला ऐकवण्याची संधी ती शोधते, तीही याच वृत्तीतून. स्केरीज नसेल तर हाउथ किंवा ग्रेस्टोन्स. समुद्रकिनारी जाण्यापेक्षा ते सांगण्यात सुख अधिक. अशा बाईला शेवटी तिच्याच मापाने मापले गेले तर तक्रार कशाची करायची?

पेटीमास्तर

पूर्वरंग, आपण मांडलेला पूर्वार्ध मान्य आहे, परंतु 'तक्रार कशाची' हे वाक्य मला गिळवत नाही. माझे आयुष्य गायकांच्या मागे पेटीची साथ करण्यात गेले आहे आणि ही कथा मी साथीदाराच्या बाजूने वाचतो.

आधी पैशांचा हिशेब पाहू, कारण कथेतील भांडण नेमके कोणत्या रकमेवरून भडकते हे वाचताना लक्षात राहत नाही. एक गिनी म्हणजे 21 शिलिंग आणि एक पौंड म्हणजे 20 शिलिंग. आठ गिनी म्हणजे 8 पौंड 8 शिलिंग. शनिवारी सभा सुरू होण्याची वेळ टळून गेलेली असते, प्रेक्षागृहात टाळ्या आणि शिट्ट्या सुरू असतात, तेव्हा सचिव फिट्झपॅट्रिक चार नोटा मोजून देतो आणि उरलेले अर्धे मध्यंतरात मिळतील असे सांगतो. मिसेस कर्नी लगेच म्हणते की यात चार शिलिंग कमी आहेत. बहुतेक वाचक येथे हसतात आणि तिचा कंजूषपणा पक्का झाला असे मानतात. परंतु गिनीचे नाणे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच बंद झाले होते. ते केवळ हिशेबाचे परिमाण म्हणून उरले होते, आणि ते कुठे वापरत? डॉक्टरांची, वकिलांची, चित्रकारांची, कलावंतांची फी गिनींत सांगत, तर कारागिराचे आणि दुकानदाराचे बिल पौंडांत होई. गिनी म्हणजे मानाची बिदागी. गिनी ठरवून पौंड हातावर ठेवणे म्हणजे बूट बनवणाऱ्याच्या मुलीला पुन्हा बूट बनवणाऱ्याच्याच दरात बसवणे होय. ते चार शिलिंग हा तिच्या सगळ्या सामाजिक चढणीचा फरक आहे, आणि तो तिला तत्काळ कळतो, कारण तिने आयुष्यभर हाच फरक मोजलेला आहे.

शिवाय तिला पैशांची नड आहे असे कथेत कुठेच नाही. नवऱ्याने दर आठवड्याला थोडी थोडी रक्कम भरून दोन्ही मुलींसाठी प्रत्येकी 100 पौंडांच्या हुंड्याची सोय केलेली आहे. या सभांसाठी तिने ब्राउन थॉमसच्या दुकानातून मुलीच्या पोशाखाला लावायला फिकट गुलाबी रेशीम आणले, आणि जे मित्र एरवी येतील असा भरवसा नव्हता त्यांना पाठवायला दोन शिलिंगांची डझनभर तिकिटे स्वतः विकत घेतली. नुसत्या तिकिटांचेच 24 शिलिंग झाले, म्हणजे एका गिनीहून जास्त रक्कम तिने आधीच सोसायटीच्या गल्ल्यात टाकली होती. पदरमोड करून सभा भरवणाऱ्या बाईला हावरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

साथीदाराची जागा कशी असते हेही सांगतो. त्याच्यावाचून एकही पद सुरू होत नाही, परंतु निमंत्रणपत्रिकेत त्याचे नाव तळाशी आणि बारीक अक्षरांत असते, आणि बिदागीचा विषय निघाला की 'आधी कार्यक्रम तर होऊ द्या' हे वाक्य ठरलेले असते. एका मंडळाच्या कार्यक्रमानंतर मी विंगेत पेटी खोक्यात घालून उभा होतो आणि कार्यवाह मला पाहून घाईघाईने हारतुऱ्यांच्या हिशेबात गुंतले होते. त्यांनी मला खजिनदारांकडे पाठवले, खजिनदारांनी अध्यक्षांकडे पाठवले आणि अध्यक्ष तोवर पाहुण्यांना सोडायला निघून गेले होते. जॉइसने हे जसेच्या तसे पकडले आहे. होलोहान म्हणतो, फिट्झपॅट्रिकना विचारा. फिट्झपॅट्रिक म्हणतो, समितीपुढे ठेवतो. आणि समिती तर कथेत कुणाच्या दृष्टीसच पडत नाही. 'ही समिती म्हणजे कोण?' असे त्याच्या उच्चाराची नक्कल करून विचारण्याचे मिसेस कर्नीच्या ओठांवर येते, परंतु ते कुलीन बाईला शोभणार नाही म्हणून ती गप्प राहते. माझ्या मते ती चुकली असेल तर येथे चुकली. गुरुवारीच विचारायला हवे होते.

न्यायाधीन

पेटीमास्तरांचा गिनीचा मुद्दा मोलाचा आहे. वकील या नात्याने मला त्यात एवढीच भर घालायची आहे की कथेत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि मिसेस कर्नी त्यांतील एकावर पूर्णपणे बरोबर असून दुसऱ्यावर तिची बाजू कच्ची आहे.

पहिला प्रश्न रकमेचा. चार सभांची साथ करण्याचे आठ गिनी ठरले, मुलगी चारही दिवस तयार होती, शुक्रवारची सभा आयोजकांनी आपल्या सोयीसाठी, म्हणजे शनिवारी गर्दी व्हावी म्हणून, रद्द केली. अशा परिस्थितीत पूर्ण रक्कम मागणे गैर नाही. दुसरा प्रश्न वेळेचा. रक्कम नेमकी केव्हा द्यायची याविषयी करारात काय होते, हे जॉइस आपल्याला कळूच देत नाही. आपल्याकडील 1872 च्या करार कायद्यातही परस्परांची वचने कोणत्या क्रमाने पाळायची हे करारात लिहिले नसेल तर व्यवहाराच्या स्वरूपावरून ठरते. आयर्लंडमधील त्या व्यवहाराला आपला कायदा अर्थातच लागू नव्हता, परंतु हा विचार कुठल्याही व्यवहारी माणसाला पटावा असा आहे. आधी वाजवायचे की आधी पैसे घ्यायचे, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल.

मात्र मध्यंतरातील निरोप वाचताना माझी सहानुभूती पुन्हा तिच्याकडे वळते. उरलेले चार गिनी पुढच्या मंगळवारी समितीच्या बैठकीनंतर देऊ, आणि उत्तरार्धात मुलीने वाजवले नाही तर करार मोडला असे समजून काहीच देणार नाही, असे तिला सांगितले जाते. जी समिती सगळा वेळ करारातील रकमेविषयी मौन पाळून होती तिला करार आठवतो तो केवळ मोडण्यापुरता. येथे ती म्हणते की समिती-बिमिती मी पाहिलेली नाही, माझ्या मुलीचा करार आहे, तिच्या हातात चार पौंड आठ शिलिंग पडले पाहिजेत. आकडा पाहा. 8 पौंड 8 शिलिंगांतून 4 पौंड वजा केल्यावर बरोबर तेवढेच उरतात. समिती चार गिनी म्हणत होती, म्हणजे आधीचे चार शिलिंग तिने मनातल्या मनात गडप केले होते. एवढ्या रागातही त्या बाईचा हिशेब चुकत नाही. अशी अशील मला नेहमी आवडते, तिला सांभाळणे अवघड असले तरी.

मृण्मयी_क

मास्तर आणि न्यायाधीन, दोघांचे आभार. चार शिलिंगांचा फरक शेवटपर्यंत चालत येतो हे आमच्या गटात कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

आता माझा प्रश्न थोडा पुढे नेते. भांडणात मिसेस कर्नी म्हणते की मी माझा हक्क मागत आहे, आणि होलोहानचे उत्तर असे की तुम्ही कुलीन स्त्री आहात असे मला वाटले होते. या उत्तरात रकमेविषयी एक अक्षरही नाही, तरी त्या क्षणानंतर सगळी खोली त्याच्या बाजूला जाते. त्याआधी ती मनाशी म्हणते की मी पुरुष असते तर यांनी असे वागण्याची हिंमत केली नसती, आणि तेही खोटे नाही. परंतु ती ज्या कुलीनपणाच्या जोरावर वर चढली तोच आता तिच्यावर उलटतो. होलोहान प्रथम घरी आला तेव्हा तिने त्याला दिवाणखान्यात बसवून मद्याची सुरई आणि बिस्किटांचा चांदीचा डबा पुढे केला होता, कार्यक्रमाची आखणी करून दिली होती, कोणाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि कोणाचे बारीक अक्षरांत हेही ठरवून दिले होते. ते सगळे काम फुकट होते, कारण कुलीन स्त्रिया मदत करतात, मजुरी मागत नाहीत. म्हणजे तिची महत्त्वाकांक्षा आणि तिचा हक्क यांचे एकमेकांशी जुळतच नाही. पूर्वरंग, आपण म्हणता तसे तिला तिच्याच मापाने मापले जाते, पण ते माप तिच्या हातात कधीच नव्हते असे मला म्हणायचे आहे.

नवऱ्याविषयीही लिहायला हवे. शनिवारी ती त्याला मुद्दाम बरोबर आणते. तिला त्याच्याविषयी जो आदर आहे तो शहरातील जनरल पोस्ट ऑफिसविषयी असावा तसा आहे, मोठे, भक्कम आणि जागचे न हलणारे काहीतरी म्हणून. पुरुष या नात्याने त्याच्या असण्याला वजन येईल असा तिचा होरा असतो. ऐन भांडणात तो दाढी कुरवाळत बसतो, आणि शेवटी त्याच्याकडून होणारे काम म्हणजे घोडागाडी बोलावणे.

पूर्वरंग

आपला मुद्दा रास्त आहे. तरीही मी एवढे म्हणेन की हे माप तिने आनंदाने हातात घेतले आणि इतरांवर चालवले. फिट्झपॅट्रिकची तिरकी टोपी, त्याचा सपाट उच्चार, कार्यक्रमपत्रिकेचे टोक चावून त्याने केलेला लगदा, हे सगळे तिच्या नजरेने टिपलेले आहे.

जॉइसची स्वतःची बाजू कोणती, याविषयी एक तपशील नोंदवतो. 27 ऑगस्ट 1904 रोजी, म्हणजे ही कथा लिहिण्याच्या साधारण वर्षभर आधी, जॉइस स्वतः कथेतील सभा जेथे होतात त्याच एन्शन्ट कॉन्सर्ट रूम्समध्ये एका संगीत-सभेत गायला होता. त्या सभेत पियानोची साथ करणारी तरुणी मध्येच निघून गेली आणि जॉइसला स्वतःच पियानोवर बसून गावे लागले. त्याच वर्षी फेश क्योलमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले होते. आता कथेतील मिस्टर बेल आठवा: दरवर्षी फेश क्योलमध्ये उतरणारा, चौथ्या खेपेला कांस्यपदक मिळवणारा, इतरांच्या यशाचा हेवा झाकण्यासाठी अतिशय गोड वागणारा गायक. भांडणाच्या वेळी काही बोलायला नको असते ते मात्र दुसऱ्याच एका गायकाला, बॅरिटोनला, कारण त्याचे पैसे त्याला मिळालेले असतात. साथीदार निघून गेल्यामुळे ज्याची पंचाईत झाली होती त्या माणसाने ही कथा लिहिताना निघून जाणाऱ्यांना थट्टेतून सोडले नाही, आणि पैसे खिशात घालून गप्प राहू पाहणाऱ्याला किंवा कांस्यपदकवाल्यालाही सोडले नाही. त्यामुळे कथा एका बाजूची आहे असे मी म्हणणार नाही, परंतु ती आईची वकिली करते असेही म्हणणार नाही.

रानजाई

सगळी चर्चा वाचली. इतक्या प्रतिसादांत कॅथलीनविषयी कुणीच काही लिहिले नाही याचे नवल वाटले, आणि मग लक्षात आले की कथेतही तेच होते. समिती, आई, वार्ताहर, गायक, सगळे तिच्याविषयी बोलतात. तिला काय हवे आहे हे विचारण्याचे कुणालाही सुचत नाही.

तरी ती अगदीच मुकी नाही. पूर्वार्धाला उशीर होतो आणि होलोहान तावातावाने बोलत असतो तेव्हा ती खाली पाहत नव्या बुटाचे टोक हलवत राहते, जणू यात आपला काही दोष नाही. बूट नवा आहे हे जॉइस आवर्जून सांगतो, आणि बापाचा धंदा आपल्याला ठाऊक आहे. चार नोटा मिळाल्यावर ती झगा सावरून मिस्टर बेलला 'चला' म्हणते आणि वाजवायला जाते. आईचा चार शिलिंगांचा आक्षेप अजून हवेत असतानाच ती निघालेली असते. मला तो तिच्या स्वतःच्या इच्छेचा कथेतील एकमेव क्षण वाटतो: तिला वाजवायचे आहे. शेवटी मात्र आई 'गाडी बोलवा' म्हणते आणि ती निमूटपणे मागोमाग चालू लागते.

परंतु तिचे आणखी एक वाक्य आहे आणि ते मला अधिक बोचते. लंडनहून आलेली मॅडम ग्लिन ही एकाकी गायिका विटलेला निळा पोशाख घालून खोलीत उभी असते. तिला पाहून कॅथलीन मिस हीलीला म्हणते की हिला कुठून उकरून काढले कोण जाणे, मी तर नावही ऐकलेले नाही. मिस हीलीला हसावे लागते. आईने मुलीला फ्रेंच दिले, संगीत दिले, आयरिश दिले, आणि त्यांच्यासोबत दुसऱ्याचा पोशाख पाहून किंमत ठरवण्याची ही नजरही दिली. मॅडम ग्लिनचे गाणे पुढे खरोखरच पडते. ती एके काळी कुणाची तरी गुणी मुलगी असणार, तिच्या आईनेही रेशीम आणले असणार.

येथे पूर्वरंग यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. ही मोजणारी नजर केवळ मिसेस कर्नीची नाही, निवेदकाचीही तीच आहे. डगन हा गायक कुणा कार्यालयातील दारवानाचा मुलगा आहे हे निवेदक सांगतो, आणि त्याने एकदा हातमोज्याने नाक पुसले हेही सांगतो. होलोहानचा अधू पाय आणि त्यावरून पडलेले टोपणनाव तर कथेच्या आरंभीच येते. मिसेस कर्नीला आपण हसतो ते याच नजरेने. मृण्मयीताई, आपण विचारले होते की लेखकाने तिला आधी हास्यास्पद का केले. माझे उत्तर असे की, मध्यंतरात तिच्याविरुद्ध कौल देणाऱ्या त्या खोलीत वाचकालाही उभे करता यावे म्हणून. पूर्वार्धात जो वाचक तिच्या स्केरीजला हसला तो उत्तरार्धात तिचा हिशेब तपासायला थांबत नाही.

करिअर मातीत गेले का, याविषयीही सांगते. तसे भाकीत करणारा ओमॅडन बर्क हा कुणी संगीताचा जाणकार नव्हे, छत्रीवर रेलून मते देणारा माणूस आहे. 1922 च्या 'युलिसीज'मध्ये, ज्याचा दिवस 16 जून 1904 आहे, मॉली ब्लूम ही गायिका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या 'कॅथलीन कर्नी आणि तिच्यासारख्या' आजकालच्या पोरींच्या गाण्याविषयी आणि राजकारणाच्या गप्पांविषयी जळफळते. 'अ मदर'मध्ये साल दिलेले नाही, त्यामुळे दोन्हींचा क्रम लावता येत नाही, पण बर्कच्या शब्दावर विसंबून कॅथलीनला संपवून टाकण्याची घाई आपल्या गटाने करू नये.

पेटीमास्तर

रानजाईताई, आपण मिस हीलीचे नाव घेतलेत म्हणून आणखी थोडे लिहितो. मिस हीली ही कॅथलीनची मैत्रीण आहे, कर्नींच्या घरी तिला अनेकदा आमंत्रण असे, आणि मध्यंतरात समितीच्या कोंडाळ्यात जाऊन उभे राहावे असे वाटत असूनही या ओळखीमुळे ती संकोचते. शेवटी कॅथलीनच्या जागी एक-दोन पदांना साथ करायला तीच तयार होते, आणि पियानोचे पहिले सूर कानी पडताच मिसेस कर्नीचा दगडी पुतळा झालेला चेहरा हलतो.

मिसेस कर्नीची सगळी मदार एका समजुतीवर होती की आपल्या मुलीशिवाय सभा अडेल. साथीदाराच्या हातात तेवढे एकच हत्यार असते, आणि ज्याला थोडेफार वाजवता येते असा दुसरा माणूस खोलीत असला की ते चालत नाही. मिस हीलीला त्या कामाचे पैसे मिळाले का, हे जॉइसने लिहिलेले नाही. मला विचाराल तर मिळाले नसणार, कारण तिने ते केवळ उपकार म्हणून केले, आणि समितीला नेमके तेच हवे होते.